शेतकऱ्याच्या माहितीला एकच साचा हवा

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. चूक जुनी आहे, पण अजून मनातून जात नाही.

त्या वर्षी सोयाबीन काढणीच्या तोंडावर चार दिवस पाऊस लागून राहिला. उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटले. पंचनाम्याचे आदेश आले. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी, तिघांनी शिवार वाटून घेतले आणि चिखल तुडवत निघालो. मी खिशातल्या डायरीत लिहीत होतो. शेतकरी सांगायचा, "साहेब, दीड एकर गेलं बघा." मी लिहायचो १.२०. म्हणजे एक एकर वीस गुंठे. तलाठी भाऊसाहेब त्यांच्या सवयीने सात-बारावरचे हेक्टर-आर लिहीत होते. संध्याकाळी ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या पोराने आम्हा दोघांच्या डायऱ्या एकाच तक्त्यात उतरवल्या. तक्त्यात रकाना होता ‘बाधित क्षेत्र’. एकर की हेक्टर, ते काही रकान्यावर लिहिलेले नव्हते.

झाले काय, माझ्या दीड एकराचे एक हेक्टर वीस आर झाले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ज्याचे दोन एकर गेले होते, त्याचे मी २.०० लिहिले होते. त्याचे झाले दोन हेक्टर, म्हणजे पाच एकराला थोडे कमी! गंमत अशी की ज्यांचे नुकसान एकराच्या आत होते त्यांचे आकडे बरोबर जुळले. कारण गुंठा आणि आर यांत फारसा फरकच नाही. वीस गुंठे काय नि वीस आर काय, कागदावर ०.२० च दिसते. त्यामुळे यादी वरवर चाळली तेव्हा कुणालाच शंका आली नाही. तालुक्याला मात्र सात-बारावरच्या क्षेत्रापेक्षा यादीतले क्षेत्र जास्त दिसू लागले आणि अख्खी यादी परत आली.

पुन्हा पंचनामे करावे तर तोवर शेतातले सोयाबीन कुजून गेलेले. मग सात-बारे, डायऱ्या, शेजाऱ्यांचे जबाब, सगळे जुळवत बसलो. शेजारच्या गावांचे अनुदान दिवाळीआधी खात्यावर पडले, आमच्या गावाचे दिवाळी होऊन गेल्यावर. पारावर बसलेले एक आबा मला म्हणाले, "साहेब, पाऊस सगळ्यांवर एकाच दिवशी पडला. मग पैसा आमच्यावरच उशिरा का पडला?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

चूक माझी होती, ती मी मान्य केली. पण मंडळी, थोडा दोष त्या रकान्याचाही होता. ज्या रकान्यात दोन माणसे दोन वेगळ्या मापांत लिहू शकतात आणि दोन्ही नोंदी बरोबर दिसतात, तो रकानाच अपुरा म्हणायचा.

आजचा विषय तोच आहे. एका दप्तरातली माहिती दुसऱ्या दप्तरात जाते तेव्हा ती कशी लिहिलेली असावी, कोणत्या मापात, कोणत्या क्रमाने, कोणत्या ओळख क्रमांकासह, हे आधीच ठरलेले आणि सगळ्यांनी मान्य केलेले असावे. संगणकवाले याला माहितीच्या देवाणघेवाणीचे मानक म्हणतात. आपण साचा म्हणू. हा संगणकवाल्यांचा विषय, आपल्याला काय करायचे, असे म्हणून पान उलटू नका. त्या साच्याअभावी पैसा कुणाचा अडकतो ते वर सांगितलेच.

‘एकच साचा’ म्हटले की पुष्कळांना वाटते, सगळ्या खात्यांनी एकच संगणक, एकच पोर्टल वापरावे असे मी म्हणतोय. तसे नाही. ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. तुमच्याकडे एका कंपनीचा ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर दुसऱ्याच कंपनीचा आहे, मळणीयंत्र तर गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेले. तरी मागच्या पीटीओला सगळे जोडले जाते. का? कारण त्या शाफ्टची जाडी, त्यावरच्या सहा खाचा आणि मिनिटाला ५४० फेरे हे ठरलेले आहे. अमेरिकेतल्या शेती अभियंत्यांनी १९२७ साली याचे मानक केले, पुढे जगभर ते रुजले. त्याआधी ज्याचा ट्रॅक्टर त्याचेच अवजार घ्यावे लागे. मानक आले म्हणून काही सगळे ट्रॅक्टर एकसारखे झाले नाहीत. इंजिन ज्याचे त्याचे, रंग ज्याचा त्याचा. जोड तेवढी एकसारखी झाली आणि फायदा शेतकऱ्याचा झाला, कारण तो एकाच दुकानदाराला बांधून राहिला नाही. आता तर ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यातल्या संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचेही मानक आहे, आयएसओ ११७८३ नावाचे.

माहितीचेही असेच हवे. महसूलने आपले दप्तर आपल्या पद्धतीने ठेवावे, कृषी खात्याने आपल्या, बँकेने आपल्या, विमा कंपनीने आपल्या. पण एकाची माहिती दुसऱ्याकडे जाताना मधली जोड ठरलेली असावी. अशी जोड नसली की खाती सोयरीक तोडल्यासारखी वागतात आणि मधला निरोप्या होतो शेतकरी! सात-बारा काढा, आठ-अ काढा, आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, आणि हाच गठ्ठा चार टेबलांवर चार वेळा द्या. जी माहिती सरकारच्याच एका कपाटात आहे, ती सरकारच्याच दुसऱ्या कपाटात न्यायला शेतकऱ्याने दिवसाची मजुरी आणि एसटीचे तिकीट का मोडावे?

आपल्या गावांना साचा ही गोष्ट नवी नाही. आपण तिच्यात वाढलो आहोत, फक्त तिला नाव दिले नव्हते. तलाठी दप्तरातले गाव नमुने घ्या. इंग्रजी अमदानीत अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाची पुस्तके बसवून दिली, नमुना एकपासून एकवीसपर्यंत. नमुना सहा म्हणजे फेरफार, सहा-क म्हणजे वारस, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खाते. सात आणि बारा एका कागदावर आले आणि त्याचा सात-बारा झाला. आज नांदेडचा सात-बारा सोलापूरच्या बँकेत नेला तरी साहेबाला विचारावे लागत नाही की कूळ कुठल्या रकान्यात आणि बोजा कुठल्या. रकाने माहीत आहेत, म्हणून कागद बोलतो. यालाच मी साचा म्हणतो. संगणक येण्याच्या कितीतरी आधी तो आपल्याकडे होता.

त्या साच्यातही उणीव होती, ती २०२० साली थोडी भरून निघाली. त्या वर्षी सात-बाराचा नमुना बदलला. गावाच्या नावासोबत गावाचा कोड क्रमांक आला, आणि शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर यांत असल्याचे कागदावरच लिहिले जाऊ लागले. पुष्कळांनी तेव्हा विचारले, एवढ्याशा बदलाचे कौतुक काय? मला मात्र माझी डायरी आठवली.

आणखी मागे जा. आपल्या आज्या पायलीने धान्य मोजायच्या. आजही लग्नाकार्यात पायलीची भाषा चालते. मण तर ज्या त्या मुलखाचा वेगळा होता. मुंबईचा मण हलका, बंगालचा त्याच्या जवळजवळ तिप्पट जड. व्यापाऱ्याला हे सगळे पाठ, शेतकऱ्याला फक्त आपल्या गावचे ठाऊक. मग फसणार कोण? १९५६ साली मापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-क्विंटल येऊ लागले. तेव्हाही लोक कुरकुरले होते. आज बाजार समितीत क्विंटलचा भाव पुकारला की लातूरचा शेतकरी अकोल्याच्या भावाशी ताडून बघतो. एक माप नसते तर त्या दोन भावांची तुलना कशी केली असती?

तरी आपल्या बोलण्यातून ‘पोते’ जात नाही. "एकरी चार पोती युरिया टाकला," म्हणतात. अहो, युरियाचे पोते २०१८ पर्यंत पन्नास किलोचे होते, तेव्हापासून पंचेचाळीसचे झाले. डीएपीचे अजून पन्नासचे. मग दहा वर्षांपूर्वीचे चार पोती आणि आजचे चार पोती यांत वीस किलोचा फरक पडला की नाही? पीकस्पर्धेच्या वहीत, कर्जाच्या कागदावर, कुठेही लिहा, किलोतच लिहा. माती परीक्षणाच्या अहवालातही अशीच एक गोम असते. स्फुरदाचा आकडा कुठे शुद्ध स्फुरदात असतो, कुठे खताच्या पिशवीवर असतो त्या रूपात. दोन्हींत सव्वादोन पटीहून जास्त फरक. अहवालावर काय लिहिलंय ते न बघता खताचा हिशेब केला तर पिकाला एक तर उपाशी ठेवाल, नाही तर पैसा मातीत घालाल. शिवाय अहवालातले आकडे हेक्टरी असतात, आपण विचार करतो एकरी.

आता पावसाकडे या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण चोवीस तास कुठून कुठपर्यंत? सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत. सगळ्या देशात पर्जन्यमापक सकाळी साडेआठलाच वाचायचे, हे ठरलेले आहे. समजा एखाद्या गावी मध्यरात्रीपासून सकाळी अकरापर्यंत शंभर मिलिमीटर पडला. तो साडेआठच्या रेषेने दोन दिवसांत विभागला जाईल आणि कदाचित कुठल्याच दिवशी ६५ भरणार नाही. शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो, आणि मलाही कधी कधी वाटतो. निकष बदलावा का, तो वेगळा वाद, तो जरूर घालू. पण साडेआठची वेळ प्रत्येकाने आपापली धरली तर शेजारच्या मंडळाचा पाऊस आणि आपला पाऊस यांची तुलनाच करता येणार नाही, आणि मग भांडायलाही पुरावा उरणार नाही.

लिपीचा घोटाळा जुन्या कर्मचाऱ्यांना चांगला आठवत असेल. कार्यालयांत संगणक आले तेव्हा मराठी लिहायला वेगवेगळे फॉन्ट आले. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या संगणकात ज्या जागेवर ‘क’ बसवलेला, दुसऱ्याच्या संगणकात त्या जागेवर भलतेच अक्षर. गावातून लाभार्थ्यांची यादी सीडीवर घेऊन तालुक्याला जावे, तिथे उघडावी तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मग ती छापील प्रत समोर ठेवून पुन्हा पहिल्यापासून टंकायची. टंकताना ‘भिकाजी’चा ‘भिमाजी’ व्हायचा. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की नावाचे भारतीय मानक झाले होते, पण फॉन्टवाल्यांची दुकाने आपापल्या पद्धतीने चालूच राहिली. पुढे युनिकोड रुजले. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक. ‘क’ला ०९१५, मग तो मोबाईलवर लिहा की कलेक्टर कचेरीत. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठीत निरोप पाठवता आणि तो दुबईत कामाला गेलेल्या पोराला जसाच्या तसा दिसतो, तो याच ठरावामुळे. एखाद्या कार्यालयात अजून जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील, तर त्या पहिल्यांदा युनिकोडमध्ये करून घ्या. कपाटात कुलूप लावून किल्ली हरवल्यासारखी त्या माहितीची गत आहे.

पण लिपी एक झाली म्हणून नाव एक होत नाही, आणि खरे रडगाणे तिथे आहे. एका गावात एक मावशी माझ्याकडे यायच्या. मालक वारले, वारसाची नोंद झाली, तरी अनुदान काही खात्यावर येईना. कागद पसरून बसलो. सात-बारावर मावशींचे माहेरचे पहिले नाव, आधारवर सासरचे. सात-बारावर आडनाव आधी, बँकेत शेवटी. नवऱ्याच्या नावापुढे एका कागदावर ‘राव’ लावलेला, दुसऱ्यावर नाही. इंग्रजी अक्षरांत तर तीन कागदांवर तीन तऱ्हा. तुम्ही-आम्ही ओळखतो की बाई एकच आहे. गावाला माहीत, पोलीस पाटलाला माहीत. संगणकाला मात्र त्या तीन बाया दिसतात आणि त्यातली एकही पुरती खरी नाही. मावशी म्हणाल्या, "बाबा, मी जित्ती तुझ्यापुढं बसलेय, अन् कागद म्हणतोय मी दुसरीच हाये."

यावर नावांची अक्षरे घासत बसणे हा उपाय नव्हे. ‘चव्हाण’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, ते काही थांबणार नाही. म्हणून साच्यात नावाच्या जोडीला क्रमांक लागतो. गावांचेही तसेच आहे. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी अशी गावे एकेका तालुक्यात दोन-दोन असतात. टपालखात्याला हा त्रास फार आधी कळला. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे जाणकार. आता सरकारी कामात प्रत्येक गावाला स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड आहे. जनावरांच्या कानातला तो पिवळा बिल्ला बघा, त्यावर बारा आकडे असतात. नोंद करताना गाईचे नाव कपिला की चांदणी हे कुणी विचारत नाही. लसीकरण, विमा, विक्री, सगळ्याची नोंद त्याच क्रमांकावर. आमच्या गावातले एक काका थट्टेने म्हणतात, "आमच्यापेक्षा म्हशीची ओळख पक्की हाय, साहेब." आता शेतकरी ओळख क्रमांकही आला. २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो लागतो. तो काढताना त्याला जमीन नीट जोडली गेली की नाही, सगळे गट आले की एखादा सुटला, हे तिथल्या तिथे तपासा. ओळख क्रमांक बरोबर आणि त्याखाली गट चुकीचा, हे नुसत्या चुकीच्या नावापेक्षा वाईट, कारण मग ती चूक सगळ्या खात्यांत एकदमच पोहोचते.

हा साच्याचा धोका आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुटे कागद होते तेव्हा एका टेबलावरची चूक त्याच टेबलावर राहायची. जोड पक्की झाली की चूकही त्याच वेगाने धावते. बँकांचे विलीनीकरण झाले तेव्हा शाखांचे आयएफएससी कोड बदलले. अकरा अक्षरांचा तो कोड, त्यातले एक अक्षर जुने राहिले तरी पैसे वाटेतून परत. म्हणून चूक दिसली की ती दुरुस्त कुठे करायची, किती दिवसांत, कुणाच्या सहीने, हेही साच्यासोबत ठरले पाहिजे. आज अवस्था अशी की माहिती एका ठिकाणी भरता येते, पण दुरुस्तीला गेले की हे म्हणतात त्यांच्याकडे जा, ते म्हणतात वरून होईल. वरून म्हणजे नेमके कुठून, हे मला नोकरीत इतकी वर्षे काढूनही सांगता येत नाही.

दुसरे, साचा ठरवताना शेताच्या बांधावर उभे राहून ठरवा. आपल्या भागात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असतात. रकान्यात एकाच पिकाला जागा ठेवली तर तूर कागदावर पेरलीच जात नाही. सोयाबीन गेले, तूर राहिली, किंवा उलटे झाले, तर भरपाईचा हिशेब कसा करणार? बांधावरचा आंबा, सामाईक विहिरीतला पाळीचा हिस्सा, पोटखराब्यातला गवताचा तुकडा, यांनाही जागा लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून स्वतःचे पीक नोंदवायचे ठरले. कल्पना मला मनापासून पटली. तलाठ्याने चावडीत बसून मागच्या वर्षीचेच पीक उतरवायचे दिवस गेले, बरे झाले. पण रेंज नसलेल्या शिवारात, म्हाताऱ्या खातेदाराने, साध्या फोनवर काय करावे, हा प्रश्न साच्याचा नसला तरी साच्याला आडवा येतोच. तिथे आम्ही गावपातळीवरच्या माणसांनी जायला हवे. सगळीकडे आम्ही वेळेवर पोहोचतो, असा दावा मी करणार नाही.

तिसरी गोष्ट माहितीच्या मालकीची. जोड सोपी झाली की माहिती बँकेला जाईल तशी ती कुठल्या बियाणे कंपनीला, सावकारी ॲपलाही जाऊ शकते. तुमचे किती क्षेत्र, कोणते पीक, किती कर्ज, हे कळले की दारात विक्रेता उभा राहायला वेळ लागत नाही. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. त्याचा आशय साधा आहे: तुमची माहिती कशासाठी घेतोय ते सांगून, तुमची संमती घेऊन घ्यावी. मोबाईलवर ‘मान्य आहे’ दाबायच्या आधी कोण विचारतोय आणि कशासाठी, तेवढे वाचा. पोराला वाचायला सांगा. ओटीपी तर कुणालाच सांगू नका, मी मागितला तरी.

आमच्या बांधवांना, म्हणजे तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, कृषीचे सहकारी, सोसायटीचे सचिव यांना, माझे हात जोडून सांगणे आहे. (पदांची नवी नावे मला माहीत आहेत, पण गावात अजून जुनीच चालतात, रागावू नका.) तक्ता करताना रकान्यावर माप लिहा. ‘क्षेत्र’ असे मोघम लिहू नका, ‘क्षेत्र, हेक्टर-आर’ लिहा. तारीख लिहिताना ५/७ लिहू नका. वाचणारा पाच जुलै धरील की सात मे, सांगता येत नाही, आणि पेरणीच्या तारखेवर विमा अडतो. महिना अक्षरात लिहा. संगणकात भरताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी जगमान्य पद्धत आहे, ती वापरा. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक करा. ‘नुकसान शून्य’ म्हणजे पाहिले आणि नाही, रिकामे म्हणजे पाहिलेच नाही. या एका गोंधळाने मी माणसांना वंचित राहिलेले पाहिले आहे. गट क्रमांकात उपविभाग लिहिताना कुणी तिरपी रेघ मारतो, कुणी आडवी, कुणी कंस घालतो. सात-बारावर जसे आहे तसेच उतरवा, त्यात आपली कलाकुसर नको.

आणि वरच्या साहेबांना एक विनंती. नवी योजना आली की नवा तक्ता येतो, तोही रात्री नऊला व्हॉट्सॲपवर, उद्या सकाळी अकरापर्यंत भरून द्या म्हणून. त्यात पुन्हा तेच नाव, तोच गट, तेच क्षेत्र, फक्त रकान्यांचा क्रम वेगळा. एकदा दिलेली माहिती त्याच खात्याने पुन्हा मागू नये, असा नियम केला तर माझे निम्मे दिवस शेतात जातील. पदविका घेताना मला बोंडअळी ओळखायला शिकवले होते, तक्ते जुळवायला नाही.

तोवर माझ्यापुरते मी केले आहे. डायरीच्या पहिल्या पानावर एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर करायचा तक्ता चिकटवला आहे. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, दीड एकर म्हणजे ६०.७, अडीच एकराला एक हेक्टरहून थोडे जास्त. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘हे.आर’ असा शिक्का मारून घेतला आहे. शेतकऱ्याने एकर सांगितले तर मी त्याच्यासमोरच आर करून लिहितो आणि वाचून दाखवतो. त्या तक्त्याच्या प्रती कार्यालयात ठेवल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जाव्यात. येताना सात-बारा, आधार आणि पासबुक सोबत आणा. तिन्हींवरची नावे शेजारी शेजारी ठेवून बघू, आणि जे जुळत नसेल त्याचा दुरुस्तीचा अर्ज पेरणीच्या धांदलीआधीच टाकून देऊ.